उपग्रहांवरून स्थाननिर्णय व त्या योजनेचें कर्तृत्व

जुने कागद, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांना वाहिलेल्या त्रैमासिकांत कृत्रिम उपग्रहांवरील लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु विषय दिसतो तितका परका नाहीं. अलीकडे शिलालेखांच्या व वीरगळांच्या टांचणांत स्थळाच्या नांवापुढें अक्षांश-रेखांशांचे आंकडे दशांशाच्या पांचव्या-सहाव्या स्थळापर्यंत छापले जाऊं लागले आहेत. पूर्वीं ‘गांवाच्या पूर्वेस, ओढ्याच्या कांठीं, चिंचेखालीं’ असें लिहिण्याचा प्रघात होता. चिंच पडली, ओढा बुजला, आणि लेख पुन्हां सांपडेनासा झाला, असा अनुभव आम्हांस स्वतःस एकदां नव्हे, अनेकदां आलेला आहे. आतां खिशांतील मोबाइल क्षणांत जे दोन आंकडे दाखवितो, ते आपण सर्वजण निमूटपणें उतरून घेतों. ज्या कागदाचा लेखक, काळ व परंपरा ठाऊक नाहीं, तो कागद आपण पुरावा म्हणून स्वीकारीत नाहीं. मग ह्या आंकड्यांचा लेखक कोण, आणि तो कोणत्या साधनांवरून लिहितो, हें न विचारतां ते प्रमाण मानणें संशोधकास शोभणारें नाहीं.

असे आंकडे देणाऱ्या जगद्‌व्यापी योजना आज चार आहेत : अमेरिकेची जी. पी. एस., रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैडू. त्यांतील आद्य जी. पी. एस.; पुढील तिन्हींचा मुख्य सांगाडा तिच्याच धर्तीचा आहे. ती कोणी योजिली, याविषयीं अमेरिकेंत दोन पक्ष आहेत व त्यांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. समकालीन कागद व उत्तरकालीन आठवणी यांचें तारतम्य कसें राखावें, हा आपल्या नित्याच्या कामांतील प्रश्न त्या वादाच्या मुळाशीं आहे. म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

(१) काळावरून स्थळ

स्थळ ठरविणें हें मुळांत काळ मोजणें आहे, ही गोष्ट आपल्या ज्योतिषग्रंथांस पूर्णपणें अवगत होती. अक्षांश ध्रुवाच्या उन्नतांशावरून किंवा विषुवदिनाच्या मध्याह्नच्छायेवरून काढतां येतात. त्यांस घड्याळ लागत नाहीं. रेखांशाचें तसें नाहीं. सूर्यसिद्धांताच्या पहिल्या अधिकारांत लंकेपासून उज्जयिनीवरून उत्तरेस जाणारी मध्यरेषा सांगितली आहे. खग्रास चंद्रग्रहणाचा गणितानें येणारा काळ व आपल्या स्थळीं प्रत्यक्ष दिसणारा काळ यांतील अंतरावरून, आपण त्या रेषेच्या पूर्वेस आहोंत कीं पश्चिमेस व किती, हें काढण्याची रीतिही तेथें दिली आहे. ग्रहणाचा क्षण सर्व पृथ्वीवर एकच असतो. स्थानिक वेळ मात्र निरनिराळी असते. ह्या दोहोंचा फरक म्हणजेच देशांतर. एका घटिकेस ६ अंश रेखांश पडतात. काळ मोजण्यांत एका पळाची चूक झाली तर विषुववृत्तावर स्थळांत सुमारें ११ किलोमीटरांची चूक होते. हा ११ चा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; तो पुढें पुन्हां भेटणार आहे.

ग्रहणें क्वचित् होतात, आणि समुद्रावरील नावाड्यास त्यांची वाट पाहत बसतां येत नाहीं. अठराव्या शतकांत इंग्लंडांत जॉन हॅरिसन यानें जहाजाच्या हेलकाव्यांतही न बिघडणारें घड्याळ तयार केलें, तेव्हां मूळ रेषेची वेळ नावाड्यास बरोबर नेतां येऊं लागली. उपग्रहांची योजना ह्याच परंपरेंतील आहे. घड्याळ खिशांतून काढून आकाशांत ठेवणें, हा तिच्यांतील नवा विचार.

(२) पहिली शाखा : ट्रान्झिट

ता. ४ ऑक्टोबर १९५७ (शके १८७९) रोजीं सोव्हिएत रशियानें स्पुटनिक नांवाचा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेंत विल्यम गायर व जॉर्ज वायफेनबाख ह्या दोघां तरुण शास्त्रज्ञांनीं त्याचा रेडिओनाद ऐकण्यास आरंभ केला. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढा व दूर जाणाऱ्या गाडीच्या शिटीचा स्वर उतरता लागतो, तसाच हा नादही उपग्रह जवळ येतांना चढे व दूर जातांना उतरे. ह्याला डॉप्लर परिणाम म्हणतात. हा चढउतार बारकाईनें मोजून एकाच ठिकाणीं बसल्या बसल्या उपग्रहाची संपूर्ण कक्षा काढतां येते, असें त्या दोघांनीं सिद्ध केलें.

मार्च १९५८ मध्यें त्यांच्याच संस्थेंतील एक वरिष्ठ शास्त्रज्ञ फ्रँक मॅक्लूर यांनीं प्रश्न उलटा करून विचारला : उपग्रहाची कक्षा आधींच ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याचें अज्ञात स्थळ काढतां येईल काय? गणित तेंच होतें; ज्ञात व अज्ञात यांची केवळ अदलाबदल झाली होती. अमेरिकेच्या आरमारास पोलॅरिस क्षेपणास्त्रें वाहणाऱ्या पाणबुड्यांचें स्थळ नेमकें ठाऊक असणें अत्यावश्यक होतें, म्हणून ह्या कल्पनेस ताबडतोब आश्रय मिळाला. रिचर्ड कर्श्नर यांच्या नेतृत्वाखालीं ट्रान्झिट नांवाची योजना सिद्ध झाली. सप्टेंबर १९५९ मधील पहिला उपग्रह कक्षेंत पोंचला नाहीं, ता. १३ एप्रिल १९६० चा दुसरा पोंचला. १९६४ पासून आरमार तिचा नित्य उपयोग करूं लागलें, १९६७ मध्यें ती इतर जहाजांसही खुली झाली आणि १९९६ च्या अखेरपर्यंत चालू राहिली.

ट्रान्झिटचे दोष उघड होते. एक उपग्रह क्षितिजावर येऊन मावळेपर्यंत कांहीं मिनिटें ऐकत राहावें लागे. दुसऱ्याची वाट पाहण्यांत कित्येकदां तासाहून अधिक वेळ जाई. उंची कळत नसे. आणि वेगानें जाणाऱ्या विमानास तिचा उपयोग नव्हता. परंतु तिनें पुढील योजनेस तीन गोष्टी दिल्या : उपग्रहाच्या कक्षेचें आगाऊ गणित करून तें त्याच्याच मुखानें वदविणें, पृथ्वीच्या आकाराचें व गुरुत्वाकर्षणाचें सूक्ष्म ज्ञान, आणि दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या लहरी पाठवून, आयनांबर नामक वातावरणाच्या थरानें होणारी दिरंगाई त्यांच्या तुलनेनें वजा करणें.

(३) दुसरी व तिसरी शाखा : टिमेशन व ६२१ बी

ह्यानंतर दोन शाखा जवळजवळ समकालीं निघाल्या व त्यांचें आपसांत फारसें सख्य नव्हतें.

आरमाराच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरींतील रॉजर ईस्टन यांचा सर्व भर घड्याळावर होता. १९६४ पासून त्यांनीं जी कल्पना चालविली तिचें नांवच काळवाचक होतें : टिमेशन. उपग्रहावर अचूक घड्याळ ठेवावें. त्यानें आपली वेळ सांगत राहावें. ऐकणाऱ्यानें स्वतः कांहीं न प्रक्षेपितां, संदेश पोंचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढावें. प्रकाश एका सेकंदांत सुमारें ३ लक्ष किलोमीटर जातो, तेव्हां सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक म्हणजे ३०० मीटरांची चूक. त्यामुळें घड्याळ कसलें पाहिजे हें ओघानेंच आलें. ता. ३१ मे १९६७ रोजीं स्फटिक-घड्याळ घेऊन पहिला टिमेशन उपग्रह गेला. दुसरा १९६९ मध्यें. आणि १९७४ मध्यें रुबिडियम धातूच्या परमाणूंवर चालणारीं घड्याळें घेऊन तिसरा गेला. कक्षा मध्यम उंचीच्या व विषुववृत्ताशीं कल असलेल्या असाव्यात, असें ह्या शाखेचें मत होतें.

विमानदलाचा पक्ष निराळा होता. त्यास विमानांसाठीं तिन्ही परिमाणांत व अखंड स्थाननिर्णय पाहिजे होता. ह्या कामीं त्याची सल्लागार असलेली एरोस्पेस कॉर्पोरेशन ही संस्था १९६० पासून आयव्हन गेटिंग यांच्या अध्यक्षतेखालीं होती. तेथें वुडफर्ड व नाकामुरा या दोघांनीं १९६६ मध्यें एक अहवाल तयार करून स्थाननिर्णयाचे अनेक पर्याय तौलनिक रीतीनें तपासले. चार उपग्रहांपासूनचीं अंतरें एकाच वेळीं मोजलीं तर ऐकणाऱ्याजवळ उत्तम घड्याळ नसलें तरी चालतें, हा महत्त्वाचा मुद्दा त्यांत आहे. अहवाल गुप्त होता. १९७९ पर्यंत त्याची गुप्तता उठली नाहीं. ह्या शाखेच्या योजनेस ६२१ बी हें रूक्ष नांव होतें. तिच्या कक्षा २४ तासांच्या असून एकेका भूप्रदेशावर उपग्रहांचा एकेक पुंज ठेवण्याचा तिचा विचार होता.

परंतु तिचें खरें वैशिष्ट्य संदेशाच्या रचनेंत होतें. प्रत्येक उपग्रहास शून्य व एक यांची वरवर यदृच्छ दिसणारी, परंतु ठराविक अशी एक माला नेमून द्यावी, आणि सर्वांनीं एकाच कंपनसंख्येवर आपापली माला म्हणत राहावें. बाजाराच्या गोंगाटांत पुटपुटलेला श्लोकही ज्यास तो मुखोद्गत आहे त्यास ओळखूं येतो, त्याप्रमाणें ग्राहकयंत्रास ती माला आधींच पाठ असल्यामुळें सभोंवारच्या गोंगाटाहून क्षीण असलेला नादही तें वेंचून काढतें. ह्या पद्धतीच्या चांचण्या १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत झाल्या. उलट, टिमेशनच्या पद्धतींत प्रत्येक उपग्रहास वेगळी कंपनसंख्या लागत असे.

(४) १९७३ चा संगम

एकाच राष्ट्रानें तीन योजनांवर पैसा खर्चावा हें कोशाध्यक्षांस मान्य होणें शक्य नव्हतें. एप्रिल १९७३ मध्यें सर्व दलांची मिळून एकच योजना करावी व तिचें चालकत्व विमानदलाकडे असावें, असें ठरलें. लॉस अँजेलिस येथील संयुक्त कचेरीचे प्रमुख कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांनीं ऑगस्ट १९७३ मध्यें संरक्षणखात्याच्या मंडळापुढें जो प्रस्ताव मांडला तो मुख्यतः ६२१ बी चाच होता. मंडळानें तो नामंजूर केला व सर्व दलांच्या कल्पना जमेस धरून नवा मांडण्यास सांगितलें.

त्यानंतर सप्टेंबरच्या आरंभीं, कामगारदिनाच्या सुटीच्या दिवसांत, पेंटॅगॉनच्या ओस पडलेल्या इमारतींत पार्किन्सन यांनीं सुमारें बारा जणांची बैठक घेतली. ‘निर्जन दालनांची बैठक’ ह्या अर्थाच्या नांवानें ती तिकडे प्रसिद्ध आहे. तींतून जी योजना निघाली ती डिसेंबर १९७३ मध्यें मंजूर झाली. तिचे मुख्य विशेष असे : (अ) संदेशाची रचना ६२१ बी ची, (आ) परमाणु-घड्याळें उपग्रहांवरच, (इ) कक्षा मध्यम उंचीच्या व कललेल्या, सुमारें १२ तासांच्या, म्हणजे टिमेशनच्या मताशीं जुळणाऱ्या, (ई) कक्षेचें आगाऊ गणित व दोन कंपनसंख्या ट्रान्झिटच्या. प्रथम ८ उपग्रहांच्या ३ कक्षा योजिल्या होत्या. खर्चाच्या काटकसरीनें मध्यंतरीं उपग्रहसंख्या १८ वर आली. शेवटीं २४ कायम होऊन ४ उपग्रहांच्या ६ कक्षा झाल्या. त्यांची उंची सुमारें २०,२०० किलोमीटर व कल ५५ अंश. पृथ्वीभोंवतीं एक फेरी ११ तास ५८ मिनिटांत पुरी होते, म्हणजे एका नाक्षत्र अहोरात्रांत दोन फेऱ्या.

चार उपग्रह कां लागतात, हें थोडक्यांत सांगतों. एका उपग्रहापासूनचें अंतर कळलें म्हणजे आपण त्याच्या भोंवतालच्या एका गोलपृष्ठावर कोठें तरी आहोंत इतकेंच कळतें. दोन गोलांच्या छेदानें वर्तुळ मिळतें. तिसऱ्यानें दोन बिंदु, त्यांतील एक बहुधा उघडच अशक्य. परंतु खिशांतील यंत्राचें स्वतःचें घड्याळ हलक्या प्रतीचें असतें. म्हणून अक्षांश, रेखांश व उंची यांच्या जोडीस ‘माझें घड्याळ किती चुकलें आहे’ हें चौथें अज्ञात धरावें लागतें. आणि अज्ञातें चार म्हणून समीकरणें चार. यास्तव आपलें यंत्र प्रत्येक वेळीं स्थळाबरोबर काळही सोडवितें. ग्रहणाच्या रीतींतील देश व काळ यांची सांगड येथें चार समीकरणांत बसविलेली दिसते.

१९७८ मध्यें पहिले चार उपग्रह सोडण्यांत आले व अॅरिझोनांतील यूमा येथील मैदानावर, रोज कांहीं तास ते एकदम दिसतील अशा बेतानें, त्यांची परीक्षा घेण्यांत आली. २४ उपग्रहांची योजना पूर्णपणें कार्यक्षम झाल्याचें १९९५ मध्यें जाहीर झालें.

(५) एक जपून ठेवलेली शंका

ता. २३ जून १९७७ रोजीं एन. टी. एस.-२ हा उपग्रह गेला. टिमेशन शाखेचा हा वारस नव्या योजनेच्या कक्षेंत गेला व त्यावर सीझियमचें परमाणु-घड्याळ होतें. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणें उंचावरील घड्याळ, तेथें गुरुत्वाकर्षण कमी म्हणून, दिवसास सुमारें ४५ दशलक्षांश सेकंद पुढें जावें. आणि उपग्रहाच्या वेगामुळें सुमारें ७ दशलक्षांश सेकंद मागें पडावें. एकंदर ३८ नीं पुढें जावें. ह्या गणितावर योजनेंतील सर्वच मंडळींचा विश्वास नव्हता. तेव्हां तोडगा असा काढला कीं, दुरुस्ती करणारें उपकरण उपग्रहावर ठेवावें, परंतु बंद स्थितींत. आधीं घड्याळ काय करतें तें पाहावें.

सुमारें २० दिवस पाहिलें. घड्याळ १० निखर्वांत, म्हणजे १० च्या बाराव्या घातांत, ४४२.५ भागांनीं जलद चालत असल्याचें दिसलें, सिद्धांतानें ४४६.५ सांगितले होते. शंका फिटली व उपकरण चालू केलें. पुढील उपग्रहांचीं घड्याळें भूमीवरच तितकीं मंद करून पाठविण्याचा प्रघात पडला. दिवसाचे ३८ दशलक्षांश सेकंद वाचकांस क्षुल्लक वाटतील. परंतु तेवढ्या काळांत प्रकाश ११ किलोमीटरांहून थोडें अधिक अंतर कापतो. ग्रहणाच्या रीतींत एक पळ चुकल्यानें जेवढी चूक होते, जवळजवळ तेवढीच ही. साधनाची सूक्ष्मता वाढली तशी काळाच्या चुकीची किंमतही वाढली.

(६) कर्तृत्वाचा निर्णय

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. मानसन्मानांवरून निर्णय करूं म्हटलें तर होत नाहीं. २००३ चें ड्रेपर पारितोषिक गेटिंग व पार्किन्सन यांस मिळालें. ईस्टन यांस अमेरिकेचें राष्ट्रीय तंत्रविद्यापदक मिळालें. २०१९ चें क्वीन एलिझाबेथ पारितोषिक पार्किन्सन यांच्यासह चौघांस मिळालें, त्यांत ईस्टन नाहींत. सनदा व इनामें हीं कृपेचीं द्योतक असतात. कर्तृत्वाचा पुरावा म्हणून तीं जपूनच वापरावीं लागतात, हें इनामपत्रें चाळणाऱ्यांस सांगणें नको. १९७३ च्या बैठकीचीं वर्णनेंही मुख्यतः उपस्थितांनीं पुढें सांगितलेल्या आठवणींतून आलेलीं आहेत. पार्किन्सन यांनीं २०१० मध्यें सहलेखकासह आपली बाजू छापली. ईस्टन यांचे पुत्र रिचर्ड यांनीं एरिक फ्रेझियर यांच्या साह्यानें २०१३ मध्यें ग्रंथ लिहून वडिलांची बाजू मांडली. दोन्ही लेखन मोलाचें आहे. परंतु घराण्याच्या करीन्यास जी मर्यादा असते ती दोहोंसही आहे.

समकालीन कागद दोन निर्णायक आहेत. पहिला १९६६ चा गुप्त अहवाल. तो तेरा वर्षें मोहोरबंद राहिल्यामुळें, छापून आधीं कोण आला यावरून आधीं विचार कोणी केला हें ठरवितां येत नाहीं. चार उपग्रहांची युक्ति विमानदलाच्या शाखेंत १९६६ मध्यें होती, हें त्यावरून सिद्ध होतें. दुसरा कागद ईस्टन यांचें पेटंट : १९७० मध्यें अर्ज, ता. २९ जानेवारी १९७४ रोजीं मंजुरी. त्यांत उपग्रहावरील स्थिर आंदोलक हा ग्राहकाच्या यंत्राशीं मेळ राखून चालतो व दोहोंच्या तुलनेनें अंतर निघतें, असें म्हटलें आहे. म्हणजे उपग्रहावरील घड्याळ व केवळ ऐकून अंतर काढणें हे दोन मुद्दे त्यांत स्पष्ट आहेत. परंतु ग्राहकाच्या घड्याळाची गरजच काढून टाकणारा चौथा उपग्रह हें त्याचें मर्म नव्हे, आणि संदेशमालाही त्यांत नाहीं. शिवाय ईस्टन यांच्या पक्षास केवळ कागदाचा नव्हे तर वस्तूचा आधार आहे : १९६७ पासून त्यांचीं घड्याळें प्रत्यक्ष आकाशांत चालत होतीं, तेव्हां ६२१ बी चे संदेश भूमीवरील प्रेषकांतूनच निघत होते.

ह्यावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, येथें एका कर्त्याचा शोध करणेंच अप्रस्तुत आहे. पुण्यास भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करितांना जशा अनेक शाखांच्या पोथ्या जुळवून संहिता ठरवावी लागली, तसा हा प्रकार आहे. कक्षेचें गणित ट्रान्झिटचें, घड्याळ व कक्षांची निवड टिमेशनची, संदेश व चौथा उपग्रह विमानदलाचे. पार्किन्सन यांचें कर्तृत्व संपादकाचें आहे आणि तें लहान नव्हे. ऑगस्टचा नामंजूर झालेला मसुदा टाकून देऊन प्रतिपक्षाचे पाठ स्वीकारण्याचें औदार्य सर्वच संपादकांस साधत नाहीं. परंतु संपादक तो मूळ ग्रंथकर्ता नव्हे. आणि तिन्ही शाखांतील एकच अंग निवडावयाचें झालें, तर ज्यावांचून बाकीचीं सर्व अंगें निरर्थक होतात तें घड्याळ होय. त्या अंगाचा अग्रमान आम्ही ईस्टन यांस देतों.

एका दंतकथेचेंही निरसन येथेंच करणें इष्ट आहे. ता. १ सप्टेंबर १९८३ रोजीं मार्ग चुकलेलें एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानें पाडलें व २६९ माणसें मेलीं. त्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं तोंवर केवळ सैनिकी असलेली ही योजना नागरिकांस खुली केली, असें वारंवार लिहिलें जातें. त्या महिन्यांत घोषणा झाली हें खरें. परंतु नागरी उपयोगाचा उघडा संदेश १९७८ च्या पहिल्या उपग्रहांपासूनच होता आणि भूमापकांसाठीं ग्राहकयंत्रें १९८३ पूर्वींच बाजारांत आलीं होतीं. घोषणेनें दिलें तें आश्वासन. दार आधींच उघडें होतें.

(७) संग्राहकांसाठीं कांहीं सूचना

ह्या योजनेस स्वतःचा एक शक आहे, हें कालगणनेच्या अभ्यासकांस रुचेल. त्याचा आरंभ ता. ६ जानेवारी १९८०, रविवार, मध्यरात्र. गणना सप्ताहांची, परंतु मूळ संदेशांत सप्ताहाच्या आंकड्यास दहा द्विमान स्थानेंच ठेवल्यामुळें १०२३ नंतर पुन्हां शून्य येतें. केवळ संवत्सराचें नांव देऊन शक न देणाऱ्या कागदाचा काळ जसा साठ वर्षांनीं मागेंपुढें होऊं शकतो, तसाच हा घोटाळा सुमारें साडेएकोणीस वर्षांचा आहे. ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ ह्या दोन वेळीं हें चक्र फिरलें, तेव्हां कांहीं जुन्या यंत्रांनीं भलत्याच तारखा दाखविल्या. नव्या संदेशांत तेरा स्थानें योजून हें चक्र सुमारें १५७ वर्षांचें केलें आहे. जगाच्या व्यावहारिक वेळेंत मधूनमधून एकेक अधिक सेकंद घालतात, तो ह्या शकांत घालीत नाहींत. त्यामुळें ही गणना व्यवहाराच्या १८ सेकंद पुढें गेलेली आहे. जुन्या यंत्रांतील नोंदींच्या तारखा म्हणून ताडून पाहाव्यात.

दुसरें, ता. २ मे २००० पूर्वीं नागरी संदेशांत हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे व स्थळांत १०० मीटरांपर्यंत फरक पडे. त्यापूर्वीं हातयंत्रावर घेतलेल्या आंकड्यांवरून शिलालेख ‘हलविला’ असा निष्कर्ष काढूं नये. तिसरें, सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या गोलाभावर रचलेले आहेत व उपग्रहांचे आंकडे निराळ्या गोलाभावर. दोहोंत आपल्या प्रांतीं कित्येक शें फुटांचें अंतर पडूं शकतें. चौथें, किल्ल्याच्या तटाखालीं अथवा लेण्याच्या तोंडाशीं लहरी खडकावर आपटून येतात. तेथील आंकडा उघड्यावर येऊन पुन्हां घ्यावा.

आपल्या देशाची नाविक ही प्रादेशिक योजना २०१३ पासून उपग्रह सोडूं लागली. तिच्या पहिल्याच उपग्रहावरील तिन्ही परमाणु-घड्याळें बंद पडलीं. इतर यंत्रणा ठीक असतांही तो स्थाननिर्णयास निरुपयोगी झाला. मे २०२३ मध्यें गेलेल्या एन. व्ही. एस.-०१ ह्या उपग्रहावर प्रथमच स्वदेशी रुबिडियम घड्याळ चढलें. वरील निर्णयास याहून बोलका दाखला नको.

तात्पर्य, टांचणांतील तो दशांशी आंकडा हा आकाशांतील कित्येक घड्याळांची संयुक्त साक्ष आहे, आणि तीं घड्याळें दुसऱ्यांच्या देखरेखीखालीं चालतात. साक्ष चांगली आहे, ती घ्यावी. परंतु तिच्यासमवेत मोजणीची तारीख, यंत्राचें नांव व गोलाभ हीं लिहावींत. आणि शेजारीं ओढा किंवा चिंच असेल तर तीही लिहिण्याची जुनी चाल सोडूं नये, अशी टांचणें पाठविणाऱ्या सभासदांस आमची विनंति आहे.